बातमी सांगणारा माणूस

"काय बेधडक बोलतो हो तो!" हल्ली दूरचित्रवाणीवरील वृत्तनिवेदकाला मिळणारी ही सर्वांत मोठी शाबासकी आहे. वसतिगृहाच्या कट्ट्यावर ती ऐकू येते, तशी प्राध्यापकांच्या खोलीतही ऐकू येते. अमक्याने मंत्र्याला कसे गप्प केले, तमकीने पाहुण्याला तोंडच कसे उघडू दिले नाही, याची वर्णने आपण क्रिकेटच्या सामन्यासारखी रंगवून सांगतो. निवेदकाला ठाम मत असावे, ते त्याने रोज रात्री ठासून मांडावे, आणि जो मांडत नाही तो एकतर भित्रा किंवा विकला गेलेला, असे आपण जवळजवळ गृहीतच धरले आहे. वक्तृत्व स्पर्धा गाजवून पुढे वृत्तपत्रविद्येकडे वळू पाहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांपुढेही हाच आदर्श आहे.

मला हा आदर्श तपासून पाहावासा वाटतो. त्यासाठी एका अमेरिकन वृत्तनिवेदकाच्या कारकिर्दीचा आधार घेतो. वॉल्टर क्रॉन्काइट हे त्यांचे नाव. १९६२ ते १९८१ अशी जवळजवळ १९ वर्षे ते सीबीएस या कंपनीच्या सायंकालीन बातम्यांचे निवेदक होते. 'अमेरिकेतील सर्वांत विश्वासार्ह माणूस' ही पदवी त्यांना चिकटली. ती कितपत खरी होती याचा विचार पुढे करूच. पण ज्या एका प्रसंगामुळे त्यांचे नाव इतिहासात राहिले, तो प्रसंग मत मांडण्याचाच होता. मग त्यांच्यात आणि आजच्या बेधडक निवेदकांत फरक तो कोणता? माझ्या मते फरक एवढाच, की क्रॉन्काइट यांनी आपले मत क्वचित दिले, कष्टाने कमावून दिले, आणि 'हे माझे मत आहे' असे सांगून दिले.

क्रॉन्काइट यांचा जन्म ४ नोव्हेंबर १९१६ रोजी मिसुरी राज्यातील सेंट जोसेफ या गावी झाला. टेक्सास विद्यापीठातले शिक्षण त्यांनी अर्धवट सोडले आणि वार्ताहराची नोकरी धरली. (हे वाक्य वाचून कोणी उद्यापासून तासांना दांडी मारू नये. त्या काळी वृत्तपत्राची कचेरी हीच एक शाळा होती आणि तिथला संपादक आपल्या प्राचार्यांहून कडक असे.) पुढे कॅन्सस सिटीमधील एका लहानशा नभोवाणी केंद्रावर ते 'वॉल्टर विलकॉक्स' या टोपणनावाने बोलू लागले. तारेने येणाऱ्या त्रोटक मजकुरावरून दूरच्या फुटबॉल सामन्याचे धावते वर्णन करणे, म्हणजे न पाहिलेला सामना पाहिल्यासारखा सांगणे, हेही त्यांचे एक काम होते.

याच केंद्रावर एक प्रसंग घडला. तेथील कार्यक्रम-प्रमुखाला त्याच्या पत्नीचा दूरध्वनी आला, की नगरभवनाला आग लागली असून माणसे दगावली आहेत. प्रमुखाने फर्मावले, बातमी ताबडतोब सांगा. क्रॉन्काइट यांनी उलट अग्निशामक दलाला फोन लावला. तो लागेपर्यंत प्रमुखाने स्वतःच ध्वनिक्षेपक ताब्यात घेऊन बातमी सांगूनही टाकली होती. चौकशीत कळले ते असे, की आग किरकोळ होती आणि कोणीही मेले नव्हते. या प्रकरणावरून वाद झाला आणि नोकरी गेली ती क्रॉन्काइट यांची. खरे विचारणारा घरी बसला आणि खोटे सांगणारा खुर्चीवर राहिला. त्यांनी आपल्या आत्मकथनात हा प्रसंग सांगितला आहे. माझ्या दृष्टीने त्यांच्या कारकिर्दीचा खरा आरंभ इथे होतो.

त्यानंतर ते युनायटेड प्रेस या वृत्तसंस्थेत रुजू झाले. वृत्तसंस्थेच्या बातमीदाराचे नाव सहसा कोणाला ठाऊक नसते. त्याने लिहायचे ते शेकडो वृत्तपत्रांसाठी. त्यांतील काही सरकारच्या बाजूची, काही विरुद्ध बाजूची. त्यामुळे विशेषणे टाळायची आणि घटना, स्थळ, वेळ, आकडा एवढेच द्यायचे, अशी तालीम तेथे आपोआप मिळते. दुसऱ्या महायुद्धात फेब्रुवारी १९४३ मध्ये विल्हेल्म्सहाफेनवर बाँब टाकायला निघालेल्या अमेरिकन विमानातून ते गेले. सप्टेंबर १९४४ मध्ये हवाई दलाच्या इंजिनविरहित ग्लायडरमधून सैनिकांबरोबर हॉलंडमध्ये उतरले. युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्याचे वृत्त त्यांनी दिले आणि पुढे दोन वर्षे मॉस्कोत काढली. १९५० साली सीबीएसमध्ये आले तेव्हा त्यांच्यामागे अशी तेरा-चौदा वर्षांची पायपीट होती. आज वयाच्या पंचविशीत, एकही पोलीस चौकी वा न्यायालयाची पायरी न चढता, देशाला उपदेश करायला बसणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात घ्यावा.

दूरचित्रवाणीवरील त्यांची वाटचाल सरळ मात्र नव्हती. १९५२ च्या पक्ष-अधिवेशनांच्या प्रक्षेपणात ते चमकले खरे, पण १९५४ साली सकाळच्या एका कार्यक्रमात त्यांना चक्क सिंहाच्या बाहुल्याशी गप्पा मारायला बसवले होते. १६ एप्रिल १९६२ रोजी त्यांच्याकडे सायंकालीन बातम्या आल्या. पण १९६४ साली प्रतिस्पर्धी एनबीसी कंपनीपुढे प्रेक्षकसंख्या घटली म्हणताच डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनातून त्यांना बाजूला करून दुसऱ्या दोघांना बसवण्यात आले. म्हणजे प्रेक्षकांची मोजणी आणि तिची टांगती तलवार त्या 'सुवर्णयुगा'तही होतीच. ती आजचाच रोग आहे असे समजण्याचे कारण नाही.

त्यांच्या कामाच्या दोन सवयी सांगण्यासारख्या आहेत. पहिली अशी, की त्यांनी निवेदकपदाबरोबर त्या बातमीपत्राचे व्यवस्थापकीय संपादकपदही मागून घेतले. पडद्यावर चेहरा माझा दिसणार, तर आत काय जाते हेही मी पाहीन, असा त्याचा अर्थ. दुसरी सवय बोलण्याच्या गतीची. सामान्य अमेरिकन माणूस मिनिटाला सुमारे १६५ शब्द बोलतो, असे म्हणतात. क्रॉन्काइट यांनी १२४ शब्दांची गती प्रयत्नपूर्वक अंगी बाणवली. ऐकणाऱ्याला शब्द नीट कळावा आणि कळल्यावर त्यावर क्षणभर विचार करायला उसंत मिळावी, हा उद्देश. आपल्या वक्तृत्व स्पर्धांत सात मिनिटांत दहा मिनिटांचे भाषण कोंबणाऱ्या मित्रांनी एकदा हा प्रयोग करून पाहायला हरकत नाही.

२२ नोव्हेंबर १९६३ हा दिवस आता पाहू. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यावर डॅलस येथे गोळीबार झाला. त्या काळचा कॅमेरा तापून चित्र देण्यास वेळ लागे. त्यामुळे चालू मालिका मध्येच थांबवून आधी नुसता क्रॉन्काइट यांचा आवाज ऐकू आला आणि चेहरा बऱ्याच वेळाने दिसला. पुढे जवळजवळ तासभर उलटसुलट वार्ता येत राहिल्या. अध्यक्ष गेल्याचे त्यांच्याच कंपनीच्या वार्ताहराने, डॅन रादर यांनी, डॅलसहून कळवले. क्रॉन्काइट यांनी ते दडवले नाही. आमच्या वार्ताहराकडून असे कळते, परंतु अधिकृत दुजोरा अद्याप नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. शेवटी वृत्तसंस्थेचा कागद हातात आला तेव्हा त्यांनी चष्मा काढला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, आणि अध्यक्षांचे निधन अमुक वाजता, म्हणजे ३८ मिनिटांपूर्वी झाले, असे सांगितले. क्षणभर त्यांचा आवाज अडखळला. एवढेच. लोकांना आजही तो आवंढा आठवतो. मला मात्र त्याआधीचा तासभर महत्त्वाचा वाटतो. 'कळते', 'समजते', 'दुजोरा नाही', 'निश्चित झाले' या चार पायऱ्या त्यांनी एकमेकींत मिसळू दिल्या नाहीत.

यानंतर व्हिएतनाम. इथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. क्रॉन्काइट हे प्रारंभी या युद्धाचे टीकाकार नव्हते. १९६५ साली ते व्हिएतनामला जाऊन आले तेव्हा अमेरिकन लष्कराच्या तयारीने प्रभावितच झाले होते. १९६८ च्या जानेवारीअखेर, टेटच्या सणात, व्हिएतकाँग आणि उत्तर व्हिएतनामच्या फौजांनी दक्षिणेतील शहरांवर एकाच वेळी हल्ले चढवले. विजय जवळ आला आहे, असे सरकार सांगत होते आणि बातमी मात्र ही आली. तेव्हा क्रॉन्काइट स्वतः पुन्हा तिकडे गेले. ह्युए शहरातील लढाई त्यांनी जवळून पाहिली. तेथून हेलिकॉप्टरने परतताना त्याच हेलिकॉप्टरमध्ये अमेरिकन सैनिकांचे मृतदेह होते.

२७ फेब्रुवारी १९६८ च्या रात्री त्यांनी व्हिएतनामवरील खास कार्यक्रम सादर केला. त्यातला बहुतेक भाग वृत्ताचा होता. शेवटी, आता जे सांगतो ते माझे वैयक्तिक मत आहे, असे बजावून ते मोजकीच वाक्ये बोलले. या युद्धात कोणीच जिंकत नाही, ते अडकून पडले आहे, आणि शहाणपणाचा मार्ग म्हणजे सन्मानाने वाटाघाटी करणे, असा त्यांचा आशय होता. आरडाओरडा नाही, कोणाला देशद्रोही ठरवणे नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पुन्हा नेहमीच्या खुर्चीवर, नेहमीच्या बातम्या सांगायला बसले.

या प्रसंगाभोवती एक आख्यायिका आहे. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी तो कार्यक्रम पाहिला आणि क्रॉन्काइट गेले म्हणजे सामान्य अमेरिका हातची गेली, असे उद्गार काढले, अशी ती कथा. वर्तमानपत्रविद्येच्या अनेक वर्गांत ती सांगितली जाते. परंतु जॉन्सन त्या रात्री टेक्सासमध्ये, ऑस्टिन येथे राज्यपाल कॉनली यांच्या वाढदिवसाच्या समारंभात होते. तो कार्यक्रम त्यांनी त्या वेळी पाहिलेलाच नव्हता. त्या उद्गाराचे शब्दही सांगणाऱ्यागणिक बदलतात. शिवाय, युद्धात पडणे ही चूक झाली असे म्हणणारे लोक १९६७ च्या ऑक्टोबरातील गॅलप चाचणीतच चूक न मानणाऱ्यांहून अधिक होते. आणि वॉल स्ट्रीट जर्नलसारख्या पत्राने चारच दिवस आधी, हा सारा खटाटोप फुकट जाण्याची तयारी ठेवा, असे अग्रलेखात लिहिले होते. ३१ मार्च १९६८ रोजी जॉन्सन यांनी पुन्हा निवडणूक न लढवण्याचे जाहीर केले, पण त्यामागे कारणे अनेक होती. एका निवेदकाने युद्ध थांबवले असे म्हणणे म्हणजे कोंबडा आरवला म्हणून उजाडले असे म्हणण्यासारखे आहे. युद्ध त्यानंतरही कित्येक वर्षे चालले.

मग या प्रसंगाचे मोल काय उरते? माझ्या मते पुष्कळ उरते. अनेक वर्षे रोज संध्याकाळी जो माणूस केवळ घडलेले सांगत होता, तो स्वतः जाऊन, पाहून, आपली आधीची समजूत बदलून परत आला आणि हे आता माझे मत, असे म्हणाला. ऐकणाऱ्याला ते मत मानण्याचे बंधन नव्हते, पण ऐकून घेण्याला कारण होते. पै-पै साठवलेली रक्कम शेतकरी मुलीच्या लग्नाला काढतो, तसे ते होते. जो रोज काढतो त्याच्या खात्यावर काय राहणार?

निवेदकाइतकेच मुलाखतकार म्हणूनही क्रॉन्काइट यांचे काम अभ्यासण्यासारखे आहे. २ सप्टेंबर १९६३ रोजी सीबीएसचे सायंकालीन बातमीपत्र १५ मिनिटांवरून ३० मिनिटांचे झाले. त्या पहिल्या दिवशी त्यांनी केनेडी यांची मुलाखत दाखवली. व्हिएतनामविषयी विचारताच केनेडी म्हणाले, की शेवटी हे युद्ध त्यांचे, म्हणजे तेथील लोकांचे आहे. पुढे अभ्यासक या वाक्याकडे परत परत वळत राहिले. जून १९७१ मध्ये, व्हिएतनामविषयीचे गुप्त सरकारी दस्तऐवज वृत्तपत्रांना देणारे डॅनियल एल्सबर्ग भूमिगत होते आणि पोलीसयंत्रणा त्यांच्या मागावर होती. त्या अवस्थेत क्रॉन्काइट यांनी त्यांना गाठून मुलाखत घेतली. १४ नोव्हेंबर १९७७ रोजी त्यांनी उपग्रहाद्वारे इजिप्तचे अध्यक्ष सादात यांना विचारले, की जेरुसलेमला जाण्याचे आपण बोललात, त्याचे पुढे काय? सादात म्हणाले, रीतसर निमंत्रण हवे. आठवड्याभरात जाल का, असे विचारताच ते हो म्हणाले. त्याच दिवशी इस्रायलचे पंतप्रधान बेगिन यांना क्रॉन्काइट यांनी हे सांगितले आणि बेगिन यांनी निमंत्रणाची तयारी दाखवली. १९ नोव्हेंबरला सादात जेरुसलेमला उतरले. १९७९ च्या मार्चमध्ये दोन्ही देशांत तह झाला.

इथेही श्रेय मोजूनमापूनच दिले पाहिजे. दोन्ही देशांत आधीपासून गुप्त बोलणी चालू होती आणि सादात यांनी आपल्या संसदेत तशी इच्छा बोलून दाखवली होती. मुलाखतकाराने तह घडवला नाही. त्याने दोघांना साधे, सरळ, तारीख विचारणारे प्रश्न केले. 'केव्हा?' आणि 'काय हवे?' हे त्या मुलाखतीचे मुख्य प्रश्न. त्यांत विद्वत्ता नव्हती की टोमणा नव्हता. आणि उत्तर येईपर्यंत विचारणारा गप्प राहिला. आपल्याकडे प्रश्न दीड मिनिटाचा आणि उत्तराला दहा सेकंद अशा मुलाखती पाहताना याची आठवण येते.

अर्थात त्यांचे अपयशही नोंदले पाहिजे. ऑगस्ट १९६८ मध्ये शिकागोच्या अधिवेशनात वार्ताहर डॅन रादर यांना धक्काबुक्की झाली, तेव्हा क्रॉन्काइट प्रक्षेपण चालू असतानाच संतापले आणि त्या सुरक्षारक्षकांना गुंड म्हणून गेले. पण दोनच दिवसांनी शिकागोचे महापौर डेली समोर येऊन बसले, तेव्हा रस्त्यावर निदर्शकांवर झालेल्या मारहाणीबद्दल त्यांना धारेवर धरायचे सोडून मुलाखत अगदी मवाळ झाली. तिच्यावर योग्य तीच टीका झाली. अंतराळ-मोहिमांबाबत तर ते निःपक्ष नव्हतेच, त्यांचे भक्त होते. २० जुलै १९६९ रोजी माणूस चंद्रावर उतरला तेव्हा या शब्दप्रभूला शब्दच सुचले नाहीत, चष्मा काढून ते नुसते हसत राहिले. हा दोष असला तरी लोभस दोष आहे. डेलींच्या मुलाखतीचे तसे म्हणता येणार नाही. सौजन्य आणि लाचारी यांत अंतर असते, आणि त्या दिवशी ते अंतर त्यांना राखता आले नाही.

माझ्या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील, तेही पाहू.

पहिला आक्षेप असा, की त्या काळी अमेरिकेत मोठ्या वाहिन्या तीनच होत्या. लोकांना दुसरे पाहायलाच काही नव्हते, म्हणून विश्वास बसला. यात तथ्य आहे. 'सर्वांत विश्वासार्ह' ही पदवी ज्या १९७२ सालच्या चाचणीवरून निघाली, तिच्यात त्यांची तुलना मुख्यतः राजकारण्यांशी होती. आणि राजकारण्यांपेक्षा अधिक विश्वासार्ह ठरणे यात फारसे कठीण ते काय! पुढे १९८० मध्ये अखंड बातम्यांची वाहिनी निघाली. दोन्ही बाजू मांडण्याचे जे बंधन अमेरिकेतील प्रक्षेपकांवर होते ते १९८७ साली उठले. प्रेक्षक वाटले गेले आणि प्रत्येक वाहिनीला आपल्या वाटणीचा प्रेक्षक चिथावून धरून ठेवणे फायद्याचे झाले. म्हणजे बेधडकपणा हा बहुधा स्वभाव नसून धंदा आहे. पण या कारणाने धंदा समजतो, त्याचे समर्थन होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. निःपक्षपणा असा काही नसतोच, काय सांगायचे आणि काय गाळायचे हे ठरवण्यातच मत आले, असे आपले समाजशास्त्राचे विद्यार्थी म्हणतील. बरोबर आहे. तेहरानमध्ये अमेरिकन वकिलातीतील माणसे ओलीस होती तेव्हा, १९८० च्या आरंभापासून, क्रॉन्काइट रोज बातम्यांच्या शेवटी आज कितवा दिवस हे सांगत. नुसता आकडा! पण तो रोज रोज ऐकून अध्यक्ष कार्टर यांच्या दुबळेपणाचेच चित्र लोकांच्या मनात ठसले, अशी टीका झाली. उलट, ऑक्टोबर १९७२ मध्ये वॉटरगेट प्रकरणाला त्यांनी एका दिवशी १४ मिनिटे दिली, तेव्हा इतर वाहिन्या त्याकडे फारसे पाहतही नव्हत्या. सरकारकडून दडपण येताच दुसरा भाग आठ मिनिटांवर आणण्यात आला. निवड ही अशी असते. परंतु तराजू शंभर टक्के अचूक नसतो म्हणून कोणी वाणी तराजूच फेकून देत नाही. फेकून दिलाच, तर आपण त्या दुकानात पुन्हा जात नाही.

तिसरा आक्षेप आपल्या देशातला आहे आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे दूरदर्शनवरील निवेदक कित्येक वर्षे शांत, स्वच्छ उच्चारात, एकही मत न देता बातम्या वाचत. १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीतही ते तसेच वाचत होते. मग मौन हाच गुण असेल, तर त्या बातम्यांवर लोकांचा पूर्ण विश्वास का बसला नाही? याचे उत्तर असे, की तेथे न बोलणे हा निवेदकाचा निर्णय नव्हता. समोर आलेला कागद वाचण्याखेरीज त्याला मुभाच नव्हती. त्याची वाणी गोड होती, पण अग्निशामक दलाला फोन लावण्याचा अधिकार त्याच्याजवळ नव्हता. ज्याला बोलता येते, ज्याला विचारता येते, त्याचाच संयम हा संयम. क्रॉन्काइट यांना मते नव्हती असे नाही. निवृत्तीनंतर, २००३ च्या इराक युद्धाला त्यांनी उघड विरोध केला. मते होती, ती खुर्चीवर आणली नाहीत.

हे सारे आपल्या महाविद्यालयाच्या अंकात कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण हा अंकच आहे. याला मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत. एकाच बाकावर बसणारे आपण घरी दोन वेगळ्या भाषांत बातम्या ऐकतो. १ नोव्हेंबर उजाडला की एका भाषेत राज्योत्सवाची बातमी असते आणि दुसऱ्या भाषेत काळ्या दिनाची. एकच रस्ता, एकच दिवस, त्याच पोलिसांचा बंदोबस्त, पण दोन बातम्या वाचणाऱ्याला दोन शहरे वाटावीत. इथे तर शहराचे नाव उच्चारतानाच, बेळगाव म्हटले की बेळगावी म्हटले, यावरून बोलणाऱ्याची बाजू ठरवली जाते. अशा ठिकाणी बेधडक निवेदकाची करमणूक आपल्याला परवडणारी नाही. दिल्ली-मुंबईच्या स्टुडिओत तो जो निखारा फेकतो, तो विझवायचे काम इथल्या शेजाऱ्याशेजाऱ्यांना करावे लागते.

याचा अर्थ आपल्याला मत नसावे असा मुळीच नाही. मत असावे, ते ठामपणे मांडावे, आणि त्यावर 'मत' अशी चिठ्ठी लावावी. मोर्चात किती माणसे होती हे सांगताना आपली बाजू कोणती हे विसरावे. त्या मोर्चाची मागणी योग्य की अयोग्य हे सांगताना ती खुशाल आठवावी. घटना आणि अभिप्राय यांच्यामधली ही भिंत जर आपण कॉलेजच्या भित्तिपत्रकातही सांभाळू शकत नसू, तर वाहिन्यांना नावे ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

क्रॉन्काइट ६ मार्च १९८१ रोजी निवृत्त झाले आणि १७ जुलै २००९ रोजी वयाच्या ९२ व्या वर्षी निवर्तले. आयुष्यभर दूरचित्रवाणीवर काम केलेला हा माणूस वारंवार सांगत असे, की केवळ दूरचित्रवाणी पाहून कोणी जाणता नागरिक होत नाही, त्याने वाचले पाहिजे. अर्ध्या तासाच्या बातम्यांतले सारे शब्द एकत्र छापले तरी वृत्तपत्राचे एक पान भरत नाही, हे त्यांना ठाऊक होते. स्वतःच्या दुकानातील मालाविषयी इतके खरे बोलणारा दुकानदार विरळाच.

आज बातमी दूरचित्रवाणीपेक्षाही आपल्या हातातल्या फोनवर आधी येते, आणि पुढे पाठवणारे आपणच असतो. म्हणजे आपल्यापैकी प्रत्येक जण आता लहानसा निवेदक आहे. कॅन्सस सिटीच्या त्या कार्यक्रम-प्रमुखाचीच पाळी रोज आपल्यावर येते. कोणी जवळच्या माणसाने कळवलेले असते, आग लागली आहे, माणसे मेली आहेत. सांगणारा खोटारडा नसतो, घाबरलेला असतो. अशा वेळी तो निरोप दहा जणांना पाठवण्यापूर्वी अग्निशामक दलाला एक फोन लावावा. नोकरी जाण्याची भीती आपल्याला तर नाहीच.